प्रकाश भरपूर, तरी मन लागेना: एका अभ्यासिकेचं प्रकरण

अभ्यासिकेच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा प्रश्न तयारच होता: आणखी किती दिवे लावायचे? जुन्या ट्यूबलाइट काढून त्यांनी छतात नवे एलईडी पॅनल बसवून घेतले होते. भिंतींना पांढरा रंग दिला होता, टेबलांवर चकचकीत पांढरा सनमायका चढवला होता. खोली पूर्वीपेक्षा कितीतरी उजळ झाली होती आणि तक्रारी मात्र वाढल्या होत्या. डोळे चुरचुरतात. पान वाचून संपतं, पण डोक्यात काही शिरत नाही. दुपारनंतर इथे बसवत नाही. तक्रारवहीत पुन्हा पुन्हा आलेलं वाक्य होतं, ‘इथे मन लागत नाही.’ यावर उपाय म्हणून प्रकाश अजून वाढवायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मी इमारतींच्या आतल्या प्रकाशयोजनेचं काम करते. मन लागत नाही म्हणजे उजेड कमी पडतोय, ही समजूत मला जवळपास प्रत्येक कामात भेटते. या खोलीने ती इतक्या स्पष्टपणे खोडून काढली, की हे प्रकरण सगळ्या तपशिलासह मांडावंसं वाटलं.

खोली लांबट होती. अरुंद बाजूला, पश्चिमेकडे, मोठ्या खिडक्या आणि बाहेर एक डेरेदार झाड. टेबलांच्या रांगा खिडक्यांकडे तोंड करून मांडलेल्या. प्रत्येक जागेला तीन बाजूंनी गडद तपकिरी पार्टिशन. समोरचं हनुवटीएवढं, बाजूची डोक्याच्याही वर जाणारी. छतात पॅनलच्या दोन ओळी, आणि त्याच ओळींमध्ये पंखे. एका कडेला दोन जाडजूड खांब. खोलीच्या वर्णनात खांबांना खास जागा द्यावी असं सुरुवातीला कोणालाच वाटलं नसतं, पण पुढचा सगळा उलगडा त्यांच्यापाशीच झाला.

आधी खुर्च्या, मग मीटर

अशा ठिकाणी गेल्या गेल्या मी लक्स मीटर, म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते मोजणारं यंत्र, बाहेर काढत नाही. जागा ठरवून दिलेल्या नसतील तर माणसं कुठे बसतात, हे आधी पाहते. रोज येणाऱ्यांना कोणती जागा चांगली हे पक्कं ठाऊक असतं. का चांगली हे मात्र सहसा सांगता येत नाही.

सकाळी दार उघडलं की सगळ्यात आधी खांबांजवळच्या जागा जात. त्यासाठी मुलं लवकर येत, दप्तर ठेवून जात, त्यावरून कुरबुरीही होत. मधल्या रांगा, म्हणजे थेट पॅनलखालच्या सगळ्यात उजळ जागा, शेवटी भरत आणि दुपारी सगळ्यात आधी रिकाम्या होत. मग मीटर लावला. मधल्या रांगांत टेबलावर 700 लक्सच्या वर प्रकाश होता. खांबांजवळ जेमतेम 300. ग्रंथालयात वाचनाच्या जागी 500 लक्स असावेत, असं ईएन 12464-1 हे युरोपीय मानक सांगतं. म्हणजे मानकाच्या पट्टीने रिकाम्या जागा पास होत्या आणि ज्यांच्यासाठी भांडणं होत होती त्या नापास.

व्यवस्थापकांना हे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, खांबाशी एकांत मिळतो म्हणून बसत असतील मुलं.” शंका अगदी रास्त होती, आणि शेवटपर्यंत मी ती मनात धरून ठेवली. पण मधल्या रांगांत बसलेल्यांच्या हालचाली वेगळंच सांगत होत्या. कोणी कपाळावर हाताची झापड धरून वाचत होतं. कोणी पुस्तक टेबलावरून उचलून उभं धरलं होतं. एकाने खुर्ची तिरकी करून खिडकीकडे खांदा केला होता. टोपी तर कितीतरी जणांच्या डोक्यावर होती, तीही छताखाली.

त्यातल्या एका मुलीजवळ मी बराच वेळ थांबले. ती अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचत होती. गुळगुळीत कागद, बारीक टाइप. उजव्या हातात पेन्सिल. तिच्या जागेचं पॅनल उजव्या खांद्याच्या थोडं मागे होतं, त्यामुळे पेन्सिल टेकवली की हाताची सावली नेमकी त्याच ओळीवर पडायची. ती हात उचलायची, ओळ वाचायची, हात पुन्हा खाली आणून अधोरेखित करायची, पुन्हा उचलायची. मधेच डाव्या हाताने पुस्तकाची कड उचलून पान तिरपं करायची, कारण पानाच्या वरच्या भागात दिव्याचा पांढरा डाग चमकत होता आणि त्याखालची अक्षरं पुसट होत होती. पान तिरपं झालं की डाग खाली सरकायचा. यातलं काहीही ती जाणूनबुजून करत नव्हती. प्रकाशाचा त्रास होतोय का, असं विचारल्यावर ती मनापासून म्हणाली, “नाही हो ताई, लाइट मस्त आहे. मलाच आज जरा सुचत नाहीये.”

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तिचे डोळे आणि हात तासन्‌तास पानाशी झुंजत होते आणि दोष ती स्वतःच्या बुद्धीला देत होती. अभ्यासाला बसलेली कितीतरी माणसं हेच करतात. एकाग्रता हा स्वभावाचा गुण मानला जातो. त्यामुळे ती तुटली की आपण आळशी आहोत, आपल्यात जिद्द नाही, असं वाटतं. खोलीकडे कोणी बोट दाखवत नाही.

चुकत काय होतं

सगळ्यात मोठा दोष खिडक्यांचा. खिडकी वाईट नसते. तिच्याकडे तोंड करून तासन्‌तास वाचायला बसणं वाईट. पांढऱ्या कागदावर 500 लक्स पडत असतील आणि कागद त्यातला 80 टक्के प्रकाश परत फेकत असेल, तर पानाची उजळी, म्हणजे ते डोळ्याला किती उजळ दिसतं त्याचं माप, दर चौरस मीटरला सुमारे 127 कॅन्डेला भरते. समोरच्या खिडकीतल्या उजळ आकाशाची उजळी काही हजार कॅन्डेलाही असू शकते. प्रकाशयोजनेतला जुना नियम असा, की पान आणि त्याचा लगतचा परिसर यांच्या उजळीत तिपटीहून अधिक फरक नसावा, आणि नजरेच्या टप्प्यातल्या दूरच्या गोष्टींशी दहापटीहून अधिक नसावा. इथे मान वर केली की हा फरक कितीतरी पट ओलांडला जात होता. डोळा त्या झगझगाटाशी जुळवून घेतो, मग खाली पाहिलं की पान मळकट दिसतं. पान आणखी मळकट दिसतं म्हणून आणखी दिवे मागितले जातात. या चक्रात आकाश कधीच हरत नाही.

त्यात झाडाची भर. दुपार कलली की सूर्य खिडकीत उतरायचा आणि पानांमधून झिरपलेले कवडसे टेबलांवर नाचायचे. फोटो काढावा असं दृश्य. पण आपल्या नजरेच्या कडा बारीक तपशिलात कमजोर आणि हालचाल टिपण्यात तरबेज असतात. कडेला काहीतरी हललं किंवा अचानक उजळलं की लक्ष तिकडे खेचलं जातं, आपली इच्छा असो वा नसो. स्टीव्हन यांटिस आणि जॉन जोनिडेस यांनी 1984 मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं, की दृश्यात अचानक उगवणारी वस्तू लक्ष आपोआप पकडते. कवडसा प्रत्येक झुळकीबरोबर नव्याने उगवत असतो. वाचणारा दर वेळी नजर परत पानावर आणतो आणि वाक्याचा धागा पुन्हा शोधतो. थकवा या परत येण्यातून साचतो.

दुसरा दोष मला तरी सगळ्यात जास्त बोचला, कारण तो पूर्ण टाळण्यासारखा होता. पंखे पॅनलच्या ओळीतच असल्याने काही जागी पात्यांचा फेरा थेट पॅनलच्या खालून जात होता. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे मारत असेल तर दर सेकंदाला 15 वेळा प्रकाश कापला जातो. माणसाची नजर लुकलुकीला साधारण 8 ते 20 हर्ट्झच्या पट्ट्यात फार संवेदनशील असते. 15 हर्ट्झ म्हणजे नेमकं त्या पट्ट्यात. पंखा हळू केला तर फेरे कमी होतात, पण मग पात्यांची सावली वेगळी दिसू लागते आणि पानावरून सरकताना जाणवते. खोलीत शिरल्यावर पहिल्या काही क्षणांत हे लक्षात येतं. तिथेच बसलं की मेंदू त्याची दखल घ्यायचं सोडतो असं वाटतं, पण कपाळ मात्र ठणकत राहतं. त्या जागांवर बसणाऱ्यांच्या तक्रारींत डोकेदुखी ठळक होती.

लुकलुक दिव्याच्या आतूनही येते. ती ओळखायची सोपी युक्ती आहे: दिव्याखाली पेन्सिल पटापट हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक; एकामागे एक अशा सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. 50 हर्ट्झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला हे सरळ दिसत नाही, पण त्रास होतो. 1989 मध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयातल्या फ्लुरोसंट दिव्यांना उच्च वारंवारतेचे बॅलास्ट (दिव्याला वीज पुरवणारे भाग, ज्यांनी लुकलुक फार वेगवान होते) लावून पाहिले, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांवरच्या ताणाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. एलईडीसाठी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं 2015 चं मार्गदर्शन आहे: 100 हर्ट्झवर उजेडातला चढउतार 8 टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. या अभ्यासिकेत बहुतेक पॅनल चांगले निघाले. मागच्या बाजूचे दोन मात्र पेन्सिलच्या कसोटीत नापास झाले; त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे भाग, बदलायला सांगितलं आणि तो विषय तिथे संपला.

चकचकीत टेबलांची तपासणी त्याहून सोपी. पुस्तक जिथे ठेवतो तिथे छोटा आरसा ठेवायचा आणि नेहमीसारखं बसून त्यात पाहायचं. आरशात दिवा दिसला तर गुळगुळीत पानावर त्याचा डाग पडणारच. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परावर्तित होतो. मधल्या रांगांतल्या जवळपास प्रत्येक जागी आरशात पॅनल दिसला. त्यात टेबलाचा सनमायकाही आरशासारखाच वागत होता, त्यामुळे पुस्तकाच्या भोवती एक पांढरी झळाळी सतत तरंगत राहायची.

उरली पार्टिशनं. उंच, गडद, बाजूची. पॅनल थोडा जरी कडेला असला तरी त्यांची सावली टेबलावर तिरकी पडायची, आणि तिची धार बऱ्याच ठिकाणी उघड्या पुस्तकाच्या मधोमध येत होती. ओळ उजेडात सुरू व्हायची आणि सावलीत संपायची. एका ओळीपुरतं हे काहीच नाही. दिवसभर प्रत्येक ओळीत तेच घडत असेल तर वाचणारा हळूहळू पुस्तक सरकवत, वाकत, शेवटी मान वेडीवाकडी करून बसतो. मागच्या रांगेतल्या एकाची पाठ पाहूनच मला सावलीची धार कुठे असेल ते कळलं होतं.

खांबाजवळ काय होतं

आता खांबाजवळच्या त्या 300 लक्सच्या जागा. तिथे बसून पाहिलं. खांबाने खिडकीचा बराचसा भाग झाकला होता, त्यामुळे मान वर केली तरी आकाश डोळ्यांत शिरत नव्हतं. उरलेला प्रकाश डाव्या बाजूने, उतरता येत होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली त्यामुळे हाताच्या पलीकडे, लिहून न झालेल्या कागदाच्या कडेला पडते. पेनाच्या टोकावर नाही. पॅनल डोक्याच्या पुढे-मागे कुठेच थेट नव्हता, म्हणून आरसा कोरा. पंख्याचा फेरा दूर. समोर खांबाचा राखाडी पृष्ठभाग, ना उजळ ना काळोखा. या सगळ्यामुळे नजरेच्या टप्प्यातली सगळ्यात उजळ वस्तू होती समोरचं पान.

माझ्या मते एकाग्रतेच्या प्रकाशाचं सार एवढंच आहे. डोळा आपोआप उजळाकडे वळतो, तर तो उजळ भाग कामाचाच असू द्यावा. त्यासाठी भोवताली थोडी सावली लागते. ती कामाला कड देते, बाकीचं जग एक पायरी मागे सारते. व्यवस्थापक ‘सावली नकोच’ या मताचे होते. पण सगळीकडे सारखा, सपाट, बिनसावलीचा उजेड केला तर नजरेला थांबायला जागाच उरत नाही. भिंत, छत, शेजाऱ्याची बाटली आणि आपलं पुस्तक सगळं एकाच हाकेने बोलावतं. खुद्द ते युरोपीय मानकही कामाच्या जागी 500 लक्स सांगताना लगतच्या परिसरात 300 चालतील असं म्हणतं. म्हणजे उतरण त्यात गृहीतच आहे.

लुई कान या वास्तुविशारदाने अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर ॲकॅडमीच्या ग्रंथालयात, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, ही गोष्ट फार सुंदर रीतीने बांधून दाखवली. पुस्तकांची कपाटं इमारतीच्या आतल्या, सावलीतल्या भागात. वाचायच्या जागा बाहेरच्या विटांच्या भिंतीला लागून, लाकडाच्या. प्रत्येक वाचकाला बाजूने येणारी स्वतःची छोटी खिडकी आणि तिला सरकती झडप. उजेड किती घ्यायचा हे वाचणाऱ्याच्या हातात. वर मोठी खिडकी आहे, ती खोलीसाठी. खालची छोटी त्या एका माणसासाठी. आमच्या अभ्यासिकेतल्या खांबाने योगायोगाने यातलं थोडंसं करून ठेवलं होतं.

हे मुलांना सांगितल्यावर दुसऱ्या टोकाची मागणी आली. छतातले दिवे बंदच करा, प्रत्येकाला टेबल लॅम्प द्या, बाकी काळोख चालेल. अनेक जण घरी असंच वाचतात, आणि आवडीचा मुद्दा म्हणून मला ते पटतंही. काळोखातलं उजेडाचं वर्तुळ मन आत ओढून घेतं. ॲना श्टाइडले आणि लिओबा वेर्थ यांच्या 2013 च्या प्रयोगांत मंद प्रकाशात कल्पकतेची कामं अधिक चांगली झाल्याचंही दिसलं होतं. पण अभ्यासिकेत माणूस तासन्‌तास बसतो, मधेमधे मान वर करून विचार करतो, घड्याळ पाहतो, वहीत बघून पुन्हा पुस्तकात येतो. लखलखीत पानावरून काळ्या भिंतीवर आणि परत, हा प्रवास डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यायला लावतो. झगझगीत खिडकीचाच दोष उलटा होऊन येतो.

शिवाय प्रकाशाचं दुसरंही काम आहे, ते पाहण्याशी संबंधित नाही. डोळ्याच्या पडद्यात शंकू आणि दंड पेशींखेरीज प्रकाश ओळखणाऱ्या आणखी काही चेतापेशी असतात. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी त्या प्रकाशाला स्वतः प्रतिसाद देतात हे दाखवलं. त्यांच्यातलं मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक दाद देतं, आणि त्यांचा संदेश मेंदूतल्या जैविक घड्याळाकडे जातो. दिवस आहे, जागं राहायचं आहे, हा निरोप त्या देतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार दिवसा डोळ्यापाशी किमान 250 मेलानोपिक लक्स (या पेशींना जाणवणारा प्रकाश मोजायचं एकक) मिळायला हवेत. डोळ्यापाशी, टेबलावर नव्हे. आणि टेबलाकडे तोंड केलेल्या लॅम्पमधून डोळ्यापर्यंत फार थोडं पोचतं. भर दुपारी काळोख्या खोलीत लॅम्पखाली बसणाऱ्याला पेंग येणारच.

म्हणून मधला मार्ग: खोलीत छत आणि भिंतींवरून परतून येणारा मऊ उजेड, आणि पानावर त्याहून थोडा सरस असा स्वतःचा.

बदल

सगळी खोली एकदम बदलायची नाही, असं मी आग्रहाने सांगितलं. आधी डावा अर्धा भाग, उजवा जसाच्या तसा. व्यवस्थापकांना हे आवडलं नाही. उजवीकडच्यांनी काय पाप केलं, असं त्यांचं म्हणणं. पण एकदम बदललं असतं तर कशाने काय झालं ते कोणालाच कळलं नसतं.

टेबलं काटकोनात फिरवली, खिडकी समोरून बाजूला गेली. या एका बदलाला घाम सोडून काहीच लागत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. खिडक्यांना विरळ विणीचे फिकट ब्लाइंड लावले, त्यांतून उजेड येतो पण कवडसे विरघळतात. इलेक्ट्रिशियनने पंखे पॅनलच्या ओळीतून बाहेर, दोन ओळींच्या मधे घेतले. पॅनलपैकी काही छताकडे तोंड करणाऱ्या दिव्यांनी बदलले. टेबलांवर फिकट राखाडी, मॅट फिनिशचं आवरण आलं. बाजूची पार्टिशनं कापून खांद्याच्या उंचीवर आणली आणि फिकट रंगाने रंगवली. काढून टाकली नाहीत, कारण शेजारचा हलता हात नजरेच्या कडेत येऊ नये एवढा आडोसा लागतोच. प्रत्येक जागेला हात वळवता येणारा आणि मंद-प्रखर करता येणारा लॅम्प. तो कोणत्याही बाजूला लावता यायला हवा, हे मी लिहूनच दिलं होतं. डावखुऱ्यांना डावीकडचा लॅम्प म्हणजे आयुष्यभर स्वतःच्या सावलीत लिहिणं.

छतातून येणारा प्रकाश यानंतर आधीपेक्षा कमी झाला. ‘आणखी दिवे’ मागणाऱ्या संस्थेला दिवे कमी करून देताना थोडं समजावावं लागलं.

काय साधलं, काय राहिलं

डाव्या भागातल्या जागा आधी भरू लागल्या. कपाळावरचे हात आणि टोप्या तिथे जवळजवळ दिसेनाशा झाल्या. खांबाजवळच्या जागांवरून होणारी भांडणं थंडावली. व्यवस्थापकांच्या एकांताच्या शंकेला हे बऱ्यापैकी उत्तर आहे, कारण खांब होते तिथेच होते.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढायला मी तयार नव्हते. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी करतंय, या जाणिवेनेच माणसं नेटाने बसतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1927 दरम्यान झालेले प्रकाशाचे प्रयोग यासाठीच प्रसिद्ध आहेत. प्रकाश वाढवला, उत्पादन वाढलं. ज्या गटाचा प्रकाश बदलला नव्हता त्याचंही वाढलं. खूप नंतर त्या मूळ आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा तो परिणाम सांगितला जातो तितका ठळक निघाला नाही, पण सावधगिरी घ्यावी एवढं त्यात नक्की आहे. म्हणून आम्ही डाव्या भागातल्या काही जागांवर जुनी चकचकीत टेबलं आणि पंख्याच्या पात्यांवर येणारे पॅनल परत आणले, लॅम्प तसेच ठेवून. कोणालाही काही न सांगता. त्या जागा पुन्हा मागे पडल्या. पंख्याखालच्या तर लगेच. यानंतर मात्र मी उजवा भाग बदलायला हिरवा कंदील दिला.

एकाग्रता आम्ही मोजली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मोजलं ते माणसं कुठे बसतात, कधी उठतात, कशी बसतात एवढंच. पण शरीर पानाशी झुंजायचं थांबलं, की मनाला मोकळीक मिळते, एवढं या खोलीने मला पटवून दिलं.

काही गोष्टी प्रकाशाने सुटल्या नाहीत. दाराजवळच्या जागा आजही शेवटी भरतात. तिथे ये-जा आहे, दाराचा आवाज आहे. दुपारची पेंग कमी झाली, गेली नाही. आणि निवृत्तीनंतर कायद्याच्या परीक्षेला बसलेले एक काका होते, त्यांना नवी रचना सुरुवातीला अजिबात मानवली नाही. “मुलांना दिसत असेल, मला काळोख वाटतो,” ते म्हणाले. त्यांचं खरं होतं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. सरासरी माणूस धरून ठरवलेला आकडा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांचा लॅम्प पूर्ण प्रखर केला, थोडा जवळ आणला आणि भिंतीलगतची जास्त उजळ जागा त्यांना सुचवली, तेव्हा त्यांचं जमलं. शेजारच्या मुलाला त्या लॅम्पची तिरीप लागू नये म्हणून लॅम्पला खोल झाकण लावावं लागलं, ही नंतरची दुरुस्ती.

वाद अजून एका गोष्टीवर चालू आहे. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असते. झोपण्याच्या तीन तास आधीपासून डोळ्यापाशी 10 मेलानोपिक लक्सहून अधिक प्रकाश नको, असं 2022 च्या त्याच शिफारशीत आहे. दिवसा 250 आणि रात्री 10, हे अंतर एकाच खोलीत सांभाळायचं आहे. मी रात्री 9 नंतर छतातले दिवे मंद करून पिवळसर करायला सांगितलं. परीक्षा जवळ आलेल्या मुलांनी विरोध केला. त्यांना त्या वेळी जागंच राहायचं आहे, झोपेचं पुढे बघू म्हणतात. व्यवस्थापकांनी आता खोलीचे दोन भाग केले आहेत. खिडकीकडचा भाग 9 नंतर मंद होतो, आतला उजळ राहतो. मी मंद भागाचं बटण वाचकांच्या हाताशी न ठेवता कार्यालयात ठेवायला सांगितलं होतं. ते अजून खोलीतच आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत रोज रात्री कोणीतरी ते वर करून ठेवतं.